विषुववृत्तावर मागवलेल्या दोन घोंगड्या

मुलांनो, नकाशात न्याहुरुरू सापडलं, पण विषुववृत्त गावाला लागून जात असताना तिथल्या घरांना धुराडी कशाला, असं तुम्ही विचारलंत. याच प्रश्नावरून माझं आणि माझ्या आईचं तिथे जाणं मोडायला आलं होतं. क्रमाने सांगते.

माझे वडील आधी नंदुरबार स्टेशनात तारमास्तर होते. मग ते केनियातल्या त्या गावी रेल्वेत लागले. तेव्हा गावाचं नाव वेगळं, इंग्रजी होतं. आई आणि मी मागे, नंदुरबारजवळच्या कोरीटला, आजोबांकडे राहिलो. शाळेपुरती मी नंदुरबारला मावशीकडे असे आणि सुटीत कोरीटला येई. घरात इंग्रजी येणारी मी एकटी, म्हणून नकाशाही मीच वाचत असे.

एका उन्हाळ्यात वडिलांचं पत्र आलं: दोघींना पाठवा, आणि येताना दोन जाड घोंगड्या आणा. पत्र वाचून झाल्यावर मी शहाणपणाने सांगितलं, की विषुववृत्त त्या गावाजवळून जातं आणि पृथ्वीवर सगळ्यात जास्त ऊन तिथेच. शाळेत तसंच शिकवलं होतं.

आजोबांनी पत्र माझ्या हातातून घेतलं. "त्याले ताप चढेल शे," ते म्हणाले. "आगीना देशमा घोंगडी कोन मांगस?"

मुलगा आजारी आहे, भ्रमात आहे, त्याला परत बोलवायचं, असं त्यांनी ठरवलं. तारेचा मजकूर मीच लिहायचा होता. मी पेन्सिल खाली ठेवली आणि लिहिणार नाही म्हणाले. आजोबांना असं कोणी म्हणत नसे. आई चुलीपाशी होती, तिने वर पाहिलं नाही. पण या पत्राची वाट पाहत तिची ट्रंक आठवडाभर आधीच भरलेली होती, हे मला माहीत होतं.

उन्हाचं सांगून चूक मीच केली होती, ती मीच निस्तरायला हवी होती. मी वडिलांची सगळी पत्रं तारखेप्रमाणे लावली आणि आजोबांसमोर बसून वाचू लागले. आगगाडीचा फाटा चढत चढत त्या गावी येतो आणि तिथेच संपतो. गावाशेजारी मोठा धबधबा आहे. तिथे पूर्वी ज्यांची गुरं चरत, त्यांना हलवून गोऱ्यांना शेतं दिली. एकच रस्ता, पावसात चिखलाचा. आपल्या लोकांची दुकानं पत्र्याची, आणि पत्र्यावर गारा पडल्या की बोललेलं ऐकू येत नाही. वाटाण्याची रोपं पहाटेच्या हिवाने काळी पडतात.

आजोबा म्हणाले, "काल सांगस तो देश आग शे, आज सांगस हिव पडस. एक काय ते सांग."

उत्तर मला पुस्तकात सापडलं नाही. आजोबा तरुणपणी महाशिवरात्रीच्या यात्रेला तोरणमाळच्या डोंगरावर पायी गेले होते आणि ती गोष्ट ते दरवर्षी सांगत. मी विचारलं, "बाबा, तोरणमाळले तुम्ही काय पांघरीसन झोपनात?"

ते आठवू लागले. खाली म्हसावदला त्यांनी घामाने बंडी काढली होती; वर चढल्यावर कोणा भिल्ल बाईच्या शेकोटीपाशी रात्र काढली होती. ऊन तेच, गाव तेवढं उंचावर. वडिलांचं गाव तोरणमाळच्या दुप्पट उंच आहे, हे मी पत्रातला आणि नकाशातला उंचीचा आकडा शेजारी ठेवून दाखवलं. ते त्यांनी दोनदा वाचून घेतलं.

मग पेन्सिल माझ्यापुढे सरकवली. "लिख, दोन्ही घोंगड्या लईसन दोन्ही मायलेकी येतस."

मी इंग्रजीत तेवढंच लिहिलं. एक घोंगडी आजोबांनी स्वतःच्या अंगावरची दिली. तिथल्या पहिल्या सकाळी फलाटाबाहेरचं गवत हिवाने पांढरं होतं. वडील चांगले खडखडीत होते, आणि ती घोंगडी त्यांनी आईच्या हातातून लगेच घेतली.