हिरव्या काचांची गाडी

आता काय सांगू तुम्हाला! खरं तर सांगू नये अशीच गोष्ट आहे. पण चहा ओतलाय, तुम्ही पाय मोकळे सोडून बसलाय, आणि मी नाही सांगितली तर माझ्या पाठीमागं आमचे हे तिखटमीठ लावून सांगणारच. त्यापेक्षा माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका.

मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. सोलापुरात सासऱ्यांचं रंगखातं होतं, म्हणजे सुताच्या लडी रंगवून हातमागवाल्यांना द्यायचा कारखाना. तिथल्या रंगाच्या डब्यांवरची अक्षरं लावत लावत मी वाचायला शिकले आणि कढईत डोकावून डोकावून रंग शिकले. शंभर लडींत एक फिकी असली तरी मी लांबून सांगायची. कामगार म्हणायचे, "आक्का व्हय म्हनल्या की रंग झाला." बायांनो, हीच मस्ती नडली मला!

बहात्तरचा दुष्काळ सरून एखादं वर्ष झालं असेल. आम्ही एक जुनी गाडी घेतली. काळी! सोलापूरचा उन्हाळा आणि काळी गाडी! आतल्या रेक्झिनवर भाकरी टाकली असती तर टम्म फुगली असती.

"काचांना काहीतरी लावायला पाहिजे," मी म्हटलं.

"पडदे लाव," आमचे हे म्हणाले.

"पडद्यातनं ऊन येतंय."

"मग दुपारचं जाऊ नगं."

"मग गाडी घेतली कशाला?"

"मी कुटं घेतली? तूच घेतलीस की!"

असल्या माणसाशी काय बोलायचं? आकाशकंदिलाला लावतात ना, तो हिरवा जिलेटीनचा कागद मी आणला. एका थरातून ऊन येतंय असं वाटलं म्हणून दोन थर डिंकानं चिकटवले. चारी काचा, मागची काच, शिवाय पुढच्या सीटच्या मागं त्याच कागदाचा पडदा. पुढची काच तेवढी वाचली, कारण आमचा ड्रायव्हर रसूलभाई हात जोडून उभा राहिला.

"अम्मा, पिच्छे का तो कुच बी नै दिखता!"

"मागं बघून तुला काय करायचंय? आपल्याला पुढं जायचंय."

मग कळलं की काच खाली केली तर कागद फाटतो. म्हणजे काचा कायमच्या वर! वारा बंद. ऊन थांबलं, पण आत बसलं की इडली झाल्यासारखं वाटायचं. माघार घेतली का मी? छे! घामानं डबडबून उतरायची आणि म्हणायची, "काय गारवा आहे!"

आता गाडीचं बाजूला ठेवा, कारण खरं दुखणं घरात होतं. आमची सून, गिरिजा. माझ्या एकुलत्या एका पोराची बायको. तिला मी पोपटी लुगडं आणायला पाठवलं, तर तिनं शेवाळी आणलं. मी चार बायकांसमोर बोलून गेले, "तुझ्या माहेरी रंग दिसत न्हाईत काय गं?"

तिला तेव्हा दिवस गेलेले. गुमान आत गेली, आणि दुसऱ्या दिवशी अक्कलकोटकडं माहेरी निघून गेली. पोरगं माझ्याशी बोलेना. ताटात बघून जेवायचं आणि उठायचं. घरात मी आणि भांडी. शेवटी विहिणीचा निरोप आला. सातव्या महिन्यात कुबसा करणार, म्हणजे आपलं डोहाळजेवण. सासूनं स्वतः हिरवं लुगडं घेऊन यावं. आली तर बाळंतपणानंतर पोरगी पाठवू. नाही तर पोरगीही विसरा आणि नातवंडही.

कळलं ना? सगळं त्या एका लुगड्यावर होतं!

म्हणून मी ठरवलं, रंग असा निवडायचा की विहिणीनं तोंडात बोट घालावं. कुबशाच्या दिवशी सकाळी गाडी बाळीवेशीत ओळखीच्या दुकानासमोर लावली. उतरून दुकानात जायचं? भर बाजारात? हिरव्या काचांच्या गाडीतून? माल गाडीत मागवला. गुमास्त्याला सांगितलं, "तू नुसतं पोत बघून आण. रंग मी बघते."

बिचारा गठ्ठा घेऊन आत बसला. दार लावून घेतलं. त्याच्या नाकावरून घाम टपटपत होता. मी एकेक घडी उलगडली. हा काळपट, हा जरठ, हा मेलेला. आणि मग एक निघालं! काय सांगू! कोवळ्या जोंधळ्याच्या पानासारखं, आतून उजेड असल्यासारखं. असा हिरवा मी जन्मात कढईतून काढला नव्हता.

"हेच!"

गुमास्ता घुटमळला. "आक्का, ह्ये जरा भाईर उजेडात धरून बघा की."

"तू मला रंग शिकवणार?"

"न्हाय ओ. पर... मालक बरे हायत न्हवं?"

"ठणठणीत आहेत! त्यांचं इथं काय?"

"न्हाय, तसं न्हाय. लई वाईट वाटलं म्हनून इचारलं."

वेडाच दिसतोय, मी मनात म्हटलं. "बांध!"

गावात पोचेपर्यंत माझी भाजी झाली होती. उतरले तर जग गुलाबी! भिंती गुलाबी, म्हैस गुलाबी, विहीणसुद्धा गुलाबी. इतका वेळ हिरव्यात बसल्यावर डोळ्यांचं दुसरं काय होणार? मला वाटलं, आनंदानंच असं दिसतंय.

मांडवात सगळ्या बायका जमल्या होत्या. गिरिजा पाटावर, हातात हिरवा चुडा, नजर खाली. मी छाती काढून पुढं झाले. पुडकं सोडलं. दोन्ही हातांनी लुगडं उंच धरून उलगडलं, सगळ्यांना दिसावं म्हणून.

दोघीतिघी तोंडाला पदर लावून मागं सरकल्या.

कोपऱ्यातली म्हातारी किंचाळली, "अय्यो शिवा! बिळी सीरी!"

कानडी मला येते हो. बिळी म्हणजे पांढरी. मी हातात बघितलं. बायांनो, पांढरंफेक! बारीक काठाचं, विधवेला नेसवतात तसलं! सातव्या महिन्याच्या सुनेपुढं, भर मांडवात, तिच्या सासूनं धरलेलं. म्हणजे मी माझ्याच जित्या पोराचं...

गुमास्त्याला वाईट का वाटलं, ते तेव्हा डोक्यात शिरलं.

तिथंच पाया पडून मोकळी झाले असते तर निभावलं असतं. पण ही जीभ! विहीण थंडपणे म्हणाली, "ईणबाई, आमच्या हिकडं ह्येला पांढरं म्हनत्यात. आमाला रंग दिसत्यात." आणि माझं पित्त खवळलं.

"हिरवंच आहे हे! गाडीत बसून बघा!"

काय बोलले मी? तोंडातून गेलं ते गेलं. विहीण उठली. तिच्या दोघी जावा उठल्या. किंचाळणारी म्हातारी सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसली. गिरिजालाही हाताला धरून नेलं. त्या भट्टीत आम्ही सगळ्या एकमेकींच्या मांडीवर, दार बंद, मधे लुगडं.

"बघा! आहे की नाही हिरवं?"

हिरवंच दिसत होतं ना! विहीण हिरवी, तिचे दात हिरवे, म्हातारी तर चिंचेच्या पाल्यासारखी. मला वाटलं, जिंकले.

तेवढ्यात गिरिजा मला हळूच म्हणाली, "मग अत्ती, बाळंत होईस्तोवर मी गाडीतच बसू व्हय?"

बाहेर दाराला कान लावून उभा असलेला रसूलभाई हसला. म्हातारी हसली. विहीण मात्र हसली नाही. ती उतरली आणि माझ्यासाठी पाण्याची बादली आणि भाकरीचं उलथनं घेऊन आली.

"आदी ह्ये कागद काडा. मग बोलू."

काढले! भर उन्हात, सगळ्या मांडवासमोर, रंगखात्याची मालकीण उलथन्यानं काचा खरवडत उभी! कागद ओला झाला की रंग सुटायचा, हातांवरून ओघळायचा. मी घाम पुसायची, की तोंडावर. विहीण सावलीत बसून बघत होती. हिरवं लुगडं शेवटी तिनं स्वतःच्या पेटीतून काढून पोरीला नेसवलं. ओटी माझ्या हातून भरू दिली नाही. मी लांबून बघितली.

निघताना गिरिजा गाडीपाशी आली. डोळे भरलेले होते. हसून की रडून, मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

"अव्वा पाठवंल का न्हाय, मला ठावं न्हाय अत्ती," ती आपल्या आईकडं बघत म्हणाली. "पर न्यायला आलात तर काचा उघड्या ठिवून या."

तेवढ्यावर मी परत निघाले. काचा खरूज झाल्यासारख्या, आत सोलापूरचं सगळं ऊन, मांडीवर पांढरं लुगडं.

आमचे हे दारात बाजेवर बसले होते. मी उतरले. त्यांनी माझे कोपरापर्यंतचे हिरवे हात बघितले, हिरवं तोंड बघितलं, पदरावरचे हिरवे डाग बघितले. मागं पोरगं येऊन उभं राहिलं होतं, आईकडं आशेनं बघत.

हे म्हणाले, "डोहाळजेवण नेमकं कुणाचं झालं म्हनायचं?"

आत जाऊन साबण लावला, चिंच चोळली, रॉकेल लावलं. रंग काही जाईना. आयुष्यभर पक्के रंग ओळखत आले, पण त्या सबंध दिवसात एवढा एकच मला बिनचूक ओळखता आला. हिरवा होता.