उन्हाळ्यातली अमोनियाची बाटली

आमच्या रायपूरच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या एक मॅडम आहेत. डब्यातल्या ताकाच्या बाटलीवरसुद्धा त्या 'ताक' अशी चिठ्ठी लावतात. कुणी अत्तर दिलं तरी बाटली दूर धरून हातानं वास स्वतःकडे ओढतात. मी हसले की म्हणतात, "हास, हास. पन नाक एकच हाय तुले."

मे महिन्यात कॉलेजात पाहुणे आले. प्राचार्यांना त्यांना एक प्रयोग दाखवायचा होता. त्यासाठी लागणारी तीव्र अमोनियाची बाटली मॅडमनी मात्र बर्फाच्या पाण्यात ठेवून दिली होती.

"गरमीनं आत वायू दाटून राहिला, सर. थंड होऊ द्या."

"मॅडम, सब कब से खड़े हैं," म्हणत प्राचार्यांनी बाटली उचलली आणि तोंडासमोर धरून झाकण पिळायला घेतलं.

मॅडमनी ती सरळ त्यांच्या हातातून काढून घेतली. पाहुण्यांसमोर!

"मले रागवा, सर, पन डोळे सांभाळा."

बाटली आणखी गार झाल्यावर त्यांनी गॉगल चढवला, हातमोजे घातले, वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटात ती ठेवली आणि काचेआडून झाकण हळूच सैल केलं. तरीही फस्सकन फवारा उडाला आणि काचेवरून ओघळला. प्राचार्य गुपचूप मागे सरकले.

पाहुणे गेल्यावर मॅडमनी काचेवरच्या ओघळांकडे बघत गॉगल काढला. डोळे भरून आले होते.

"अमोनिया गेला का डोळ्यांत?" मी घाबरून विचारलं.

"हव," रुमाल शोधत त्या म्हणाल्या, "अमोनियाच समज."