झेंडूखालची कडी

खंडेनवमीला मालकांनी मला पाहुण्यांच्या चपला राखायला उभं केलं.

शिरोलीतली फौंड्री. दाराला तोरणं, यंत्रांना हळदकुंकू. मी तिथला देखभालीचा इंजिनियर. पूजेआधी मालकांना क्रेनच्या साखळीचं सांगायला गेलो होतो. तिची एक कडी तुटली होती. त्या जागी बोल्ट अडकवून वरून तार गुंडाळली होती. लोखंडाच्या रसाची बादली याच साखळीवर उचलतात.

मालक पाहुण्यांना ऐकू जाईल असं बोलले, "टेंपररी हाय की ते. सणानंतर बघू. आणि तुमच्यात पूजा चालत न्हाई न्हवं? मग दारात थांबा. चपला तरी राखा."

पाहुणे हसले. आजोबांनी धम्म घेतल्यापासून आमच्यात पूजा चालत नाही, हे खरं. पण चपला राखणं चालतं, हे मालकांनी परस्पर ठरवलं होतं.

मी उभा राहिलो. चपला उत्तम होत्या. शेवटी कोल्हापूर.

टेंपररी म्हणजे तात्पुरतं, असं शाळेत पाठ केलं होतं. खरा अर्थ वापरातून कळत गेला. नेसरीकडच्या आमच्या वस्तीची पाण्याची लाइन टेंपररी. माझ्या जन्माआधीपासून. माझी नोकरी टेंपररी, कितीतरी वर्षं. मालकांच्या केबिनमध्ये मात्र टेंपररी काहीच नव्हतं. जे खालच्या माणसाच्या डोक्यावर लटकतं आणि वरच्याला दिसत नाही, ते टेंपररी.

आरती झाली. कुणीतरी शिडी लावून साखळीला झेंडूचा जाड हार गुंडाळला. नेमका त्या तारेवर. आता बघायला गेलं तरी काही दिसलं नसतं.

भट्टी लाल झाली होती. पाहुण्यांसमोर पहिला रस ओतायचा मुहूर्त होता. पाहुणे लांब, पंख्याखाली. बादलीला हात द्यायला भट्टीवरचा कामगार सदूदादा साखळीखाली गेला. कपाळावर ताजं कुंकू. त्यानं एकदा वर बघितलं, मग माझ्याकडे.

मी चपला सोडल्या. सरळ आत गेलो, क्रेनचा मेन स्विच खाली ओढला, त्याला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

मालक पाहुण्यांमधून तरातरा आले.

मालकांचं मघाचं 'तुम्ही' गेलं. "मुहूर्त मोडलास. उद्यापासनं येऊ नगंस. टेंपररीच हाईस तू."

"व्हय," मी म्हणालो. "तुमची कडी बी."

सदूदादा हळूच साखळीखालून बाजूला झाला. माझ्या बाजूनं नाही. नुसता बाजूला.

कुलूप तोडायला वेळ लागत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या कचेरीत मोबाइलवर काढलेले साखळीचे दोन फोटो देऊन आलो. एक हाराआधीचा, एक हारानंतरचा. साहेब रजेवर आहेत म्हणे. सणाची.

उद्या दसरा, पण भट्टीला सुट्टी नाही. सकाळी मी गेटबाहेर उभा असेन. आत जाणाऱ्या प्रत्येकाला सांगणार, हार काढून वर बघा, मगच खाली उभे राहा. मला उचलून नेलं, तर परवा परत येईन.

चपला ज्याच्या त्यानं राखाव्यात.