बांधावरचं गवत

भिवंडीबाहेर टेमघर सोडून पुढे गेलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामं लागतात. त्या गोदामांच्या मागे आमची थोडी भाताची जमीन उरली आहे. अब्बांचे कापडाचे लूम निजामपुऱ्यात आणि आमचं घरही तिथेच, त्यामुळे शेती हे आमचं मुख्य काम कधीच नव्हतं. घरी विकतचा तांदूळ आणायचा नाही, एवढा एक हट्ट मात्र अब्बांच्या वडिलांपासून चालत आलेला. इंग्रजी शाळेत माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलींच्या घरी लूम होते, ते सांगायला कोणी लाजत नसे. जमिनीबद्दल मी कधी बोलले नाही. पावसाळ्यात सोमवारी शाळेत जाताना नखं घासून घासून लाल करायचे, चिखलाची कड दिसू नये म्हणून.

आवणी झाली, म्हणजे रोपं लावून झाली आणि भाताने मूळ धरलं की त्यात गवत उगवतं. त्यातलं काही इतकं भातासारखं असतं की मला अजूनही लांबून ओळखता येत नाही. ते हाताने उपटून काढायचं काम म्हणजे बेणणी. आमच्याकडे बेणणीला डोंगराकडच्या पाड्यावरच्या बायका यायच्या. त्यांना निरोप धाडावा लागत नसे. नागपंचमी झाली की एखाद्या सकाळी त्या टेम्पोतून उतरायच्या, डोक्याची फडकी घट्ट करायच्या आणि खाचरात शिरायच्या. मजुरी मिळायचीच, शिवाय उपटलेलं गवत आणि बांधावरचं कापलेलं हिरवं गवत भारे बांधून त्या आपल्या जनावरांना न्यायच्या. ज्यांनी बेणलं त्यांनीच पुढे कापणी करायची, हेही न बोलता ठरलेलं होतं.

गेल्या पावसाळ्यात अब्बांनी औषध आणलं. भातात मारायचं, पण मरतं फक्त गवत. मी दुकानात त्यांच्याबरोबर होते. चार लोकांत उभं राहायची वेळ आली की मी समोर जे असेल ते वाचत बसते, म्हणजे कोणी माझ्याशी बोलत नाही. तशी मी त्या बाटलीबरोबरची घडीची चिठ्ठी वाचत होते. अब्बांनी दुकानदाराला विचारलं, "भात जळणार नाही ना?"

"नाही हो शेठ. भाताला ते पचतं, गवताला पचत नाही," तो म्हणाला. इतक्या सोप्या भाषेत मला कॉलेजातही कोणी काही सांगितलं नव्हतं.

फवारणीच्या दिवशी मी बादलीने पाणी देत होते. अब्बांनी आधी खाचरातलं पाणी सोडून दिलं, गवताची पाती उघडी पडावीत म्हणून. मग पाठीवर पंप घेऊन, तोंडाला रुमाल बांधून ते एका कडेने चालत गेले. त्यांना अशा कामाची सवय नाही. मध्येच थांबून कंबर धरायचे आणि कोणी बघत नाही ना, असं गोदामाकडे बघायचे. शेवटी पंपात थोडं उरलं. "वाया कशाला घालवायचं," म्हणून ते त्यांनी समोरच्या बांधावर मारून टाकलं. फवारलेल्या जागी जनावरं चारू नयेत, असं चिठ्ठीत होतं. मी ते वाचलेलं होतं, पण आमच्याकडे जनावरं नाहीत, त्यामुळे त्याचं पुढे काही झालं नाही.

पाड्यावर निरोप धाडायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. ज्यांना कधी 'या' म्हणावं लागलं नव्हतं, त्यांना 'येऊ नका' कसं कळवायचं?

त्या सकाळी अब्बांच्या लूमवर सुताचा नवा बीम यायचा होता. "खाचरात परत पाणी धरलंय का तेवढं बघून ये," म्हणून त्यांनी मला पाठवलं. मी स्कूटी गोदामाच्या भिंतीशी लावली आणि मागे गेले, तर बायका आलेल्या होत्या. खाचराच्या कडेला उभ्या राहून आत बघत होत्या. भात गडद हिरवं उभं होतं. त्याच्या ओळींमधलं गवत पोटातून पिवळं पडून लोळत होतं. उपटण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

त्यांच्यात जी सगळ्यांत मोठी, तिला मी लहानपणापासून मावशी म्हणते. तिने मला बघितलं.

"काय गो पोरी, तुमच्या भाताला काय झाला? गवताला रोग आला का काय?"

"औषध मारलंय, मावशी."

"कवा?"

"मागच्या आठवड्यात."

तिने वाकून एक पिवळं पातं चिमटीत धरलं. तिच्या मागची तरुण बाई मात्र हसली. तिला मी पहिल्यांदाच बघत होते. "म्हंजे आमी टेम्पोला भाडा देऊन गवताच्या मयताला आलो."

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि लगेच वाटलं की मी हसायला नको होतं. माझी मान खाली गेली. माझ्या पायात पांढरे बूट होते.

"अब्बा कुठं हायेत?" मावशीने विचारलं.

"लूमवर."

"बरं. आता आलोच हाय तर बांधावरचा गवात तरी नेतो. शेळी गाभण हाय माझी, तिला हिरवा पायजे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोघीजणी आधीच बांधावर वाकल्या होत्या. समोरच्याच बांधावर. ते गवत वरून अजून हिरवंच दिसत होतं, फक्त टोकं करपल्यासारखी. विळे भराभर चालत होते आणि कापलेलं गवत मागे पडत होतं.

मला ओरडता येत नाही. वर्गात हजेरीला बाईंना माझं नाव दोनदा घ्यावं लागायचं. मी बांधापर्यंत चालत गेले आणि म्हणाले, "हे नका ना घेऊ."

विळे थांबले. मावशीने माझ्याकडे वळून बघितलं. ती रागावलेली नव्हती, तिला नीट ऐकू आलं नसावं असंच तिचा चेहरा सांगत होता.

"काय म्हनलीस?"

"हे गवत नेऊ नका."

"गवताला पन न्हाय म्हनतेस?"

मी घाईघाईने सांगायला लागले की यावर औषध पडलंय, जनावराला देऊ नये, तसं लिहिलंय. माझी मराठी अशा वेळी पाठ केलेल्या धड्यासारखी होते. 'जनावरांना चारू नये' असं मी म्हणाले, अगदी चिठ्ठीतलं वाक्य. तरुण बाईने कंबरेवर हात ठेवला.

"भात तर झकास हाय तुमचा. त्याच्यावर न्हाय पडला औषध?"

"पडलं. पण भाताला ते पचतं."

"आन् गवताला?"

"गवताला पचत नाही."

"शाळंत गेलाय वाटतं तुमचा औषध," ती म्हणाली. "भात कंचा आन् गवात कंचा, वळखून मारतो."

बायका पुन्हा हसल्या. एकीने पुढे जोडलं, "भाताला पचतो तर शेळीला न्हाय पचनार? शेळी सिमेंटची गोन पन खाती."

शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन पात्यांतलं एक मरतं आणि एक वाढतं, हे मलाच कुठे पटलं होतं? मी वाचलं होतं, एवढंच. आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं: काम तर काढून घेतलंच, आता गवतही द्यायचं नाही, म्हणून ही पोरगी काहीतरी सांगतेय.

मावशी एकटीच हसली नव्हती. ती म्हणाली, "तुला नसल द्यायचा तर सरळ बोल, बाय. आमी काय चोरून नेत न्हाय. तुझ्या आजाच्या टायमाला पन नेला."

मला रडू यायला लागलं. ते दिसू नये म्हणून मी फोन काढला. अब्बांनी सांगितलं की यांना पटेल, असं मला वाटलं. मालकाचा शब्द तो शेवटी मालकाचा. मी अब्बांना फोन लावला आणि मावशीला ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

मागे लूमचा खडखडाट होता. लूमवर माणूस ओरडूनच बोलतो.

"हां, बोल!"

"अब्बा, बेणायला बायका आल्यात. बांधावरचं गवत कापतायत, ज्याच्यावर तुम्ही औषध मारलं ते. ते जनावरांना द्यायचं नाही ना?"

"अरे ले जाने दे ना! तुला काय करायचंय? नाही म्हणालीस तर कापणीला येणार नाहीत."

"पण मावशीची शेळी गाभण आहे. काही झालं तर..."

"काय होतंय? और मर भी गई तो अपने यहाँ थोड़ी मरेगी!" त्यांच्या आवाजात हसू होतं. लूमवर चहा पिताना एकमेकांत करतात तसला विनोद. "ठेव आता, बीम आलाय."

फोन बंद झाला. स्पीकर बंद करायला माझा अंगठा आधीच गेला होता, पण तो बटणाच्या बाजूलाच दाबत राहिला.

हिंदी त्यांना माझ्याइतकीच येते. भिवंडीत कामाला येणाऱ्या कोणाला येत नाही? आता कोणी हसलं नाही. तरुण बाईने विळ्याला चिकटलेलं गवत बोटाने पुसलं. मावशी खाली वाकली, बांधलेल्या भाऱ्याची गाठ सोडली आणि गवत तिथेच पसरून दिलं. मग दुसऱ्या भाऱ्याचं. मी बरोबर सांगत होते, हे तिला आता कळलं होतं, आणि ते कसं कळलं हे आम्हा दोघींना माहीत होतं. तिने मला कंजूस समजलेलं हजारपट चाललं असतं.

"विहिरीकडच्या बांधावर मारलेलं नाही," मी म्हणाले. "तिथपर्यंत पंप पोचला नव्हता. मी होते तेव्हा."

"नक्की?"

"नक्की."

तिने मान हलवली. सगळ्या तिकडे गेल्या. त्या बांधावर गवत थोडंच होतं, सगळ्यांत मिळून एक भारा झाला, तो त्यांनी मावशीला दिला. मीही उपटू लागले. कोणी मला नको म्हटलं नाही आणि कर असंही म्हटलं नाही. मी मुळासकट उपटत होते, त्यामुळे मातीच जास्त येत होती. तरुण बाईने एकदा माझ्या हातातली मूठ घेतली, झटकून माती पाडली आणि परत दिली.

टेम्पो दुपारशिवाय परत येणार नव्हता, म्हणून त्या चालत रस्त्याकडे निघाल्या. मजुरी मागायचा प्रश्न नव्हता आणि द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. मावशी मागे राहिली.

"पुढच्या सालाला औषधच मारनार ना तुमी?"

"हो."

"मंग आमी यायचा का न्हाय ते आत्ताच सांग. तुझा बाप न्हाय सांगनार. तो गोड बोलल आन् कापनीला बोलवल."

अब्बांना विचारून सांगते, असं म्हणता आलं असतं. आमच्या घरात अवघड गोष्टींना हेच उत्तर असतं. पण अब्बांना विचारल्यावर काय येतं, ते तिने नुकतंच ऐकलं होतं.

"नका येऊ, मावशी. बेणायला काही नसेल."

"आन् कापायला?"

"ते तुमच्यावर."

"बेनायला नको आन् कापायला या," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतंच बोलून बघितलं. मग भारा डोक्यावर घ्यायला तिने मला हात लावायला सांगितलं. मी लावला. भारा हलका होता.

संध्याकाळी अब्बा आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. एवढं सलग मी त्यांच्याशी क्वचितच बोलते. स्पीकरचं सांगितलं तेव्हा त्यांचा हात ताटात थांबला.

"तिने ऐकलं?"

"सगळ्यांनी."

त्यांची कानशिलं लाल झाली. मग म्हणाले, "तू स्पीकरवर कशाला टाकलंस?"

'मी असं कसं बोललो,' असं ते म्हणतील याची मी वाट बघत होते. ते आलं नाही. पण मला सगळ्यांत जास्त लाज वाटते ती पुढच्याच गोष्टीची. दुपारभर मीही तेच मनात घोळवत होते: स्पीकर का चालू केला? अब्बा ते बोलल्याचं मला तेवढं वाईट वाटलं नव्हतं, जेवढं ते बाहेर ऐकू गेल्याचं. अशी वाक्यं मी घरात आधीही ऐकली होती. तेव्हा मी मान खाली घालून जेवले होते.

कापणीच्या आधी अब्बा म्हणाले, "पाड्यावर तू जा बोलवायला. तुझं ऐकतील ते लोक." मी गेले नाही. त्यांनी टेम्पोवाल्याकडे निरोप दिला. त्या आल्या नाहीत. अब्बांनी नाक्यावरून दुसरी माणसं आणली.

भात चांगलं आलं होतं. नवीन तांदळाचा पहिला भात अम्मीने केला, त्या दिवशी फुफू, म्हणजे अब्बांची बहीण, आणि तिची मुलं जेवायला होती. या वर्षी दाणा किती साफ आहे, गवताचं एक बी नाही, असं सगळे म्हणत होते. अम्मीने मला विचारलं, अजून वाढू का? मी ताट पुढे केलं.