मी बसलो त्या दगडाखाली

दुर्मीळ प्राणी बघायला गेल्यावर त्याच्या डोक्यावर जाऊन बसू नये, हा एवढा एकच नियम सांगायचा माझ्याकडून राहून गेला.

बाकीचे सगळे सांगितले होते. श्रीरामपूर सोडल्यापासून अकोले तालुक्यातला डोंगर येईपर्यंत दुसरं काही बोललोच नाही! हात लावायचा नाही. दगड उलटायचे नाहीत. पाच हात लांब राहायचं. खायला घालायचं नाही. फोटो काढताना फ्लॅश नाही. आमची प्राची कॉलेजात बेडकांचा अभ्यास करते आणि तिला देवगांडूळ बघायचं होतं. (दिसायला गांडूळ, पण नातं बेडकाशी. जन्म मातीत काढतं, पावसाळ्यात कधीतरी वर येतं.) तिनं ते आजवर फक्त बाटलीतलं पाहिलेलं, मेलेलं. "बाबा, एकदा जिवंत बघू द्या," म्हणाली आणि मी गाडी काढली.

बरोबर बायको सुमन आणि तिचा भाऊ दत्तू, देवळाली प्रवराचा ऊसवाला. "दाजी, गांडुळं आमच्या उसात लई हायेत की! डिझेल कशापायी जाळायचं?" हे त्यानं वाटेत प्रत्येक चहाला विचारलं.

ओढ्याकाठी पोचलो. मी एका लांबट दगडाच्या टोकाला टेकलो आणि नियमांची उजळणी सुरू केली. "पाऊल टाकण्याआधी खाली बघावं—"

"बाबा, हलू नका!" प्राची कुजबुजली. पोरीचा चेहरा पांढराफटक.

"साप?"

"देवगांडूळ! तुमच्या मागं, दगडाखाली. तुम्ही बसलात म्हणून दगडाचं मागचं टोक उचललंय. उठलात तर बदकन त्याच्यावर पडेल!"

"मी धरू का धोंडा?" दत्तू पुढं सरसावला.

"नको मामा, हातातून निसटला तर? बाबा बसतील."

बाबा बसले. हसू नका, मला खरंच रडू येत होतं. लेकीनं ज्याच्यासाठी एवढा ध्यास घेतला, त्या जिवाचं जगणं-मरणं माझ्या बुडाखाली! पायाला मुंग्या आल्या. पाऊस अंगावर. त्यात दत्तूनं भाकरी-ठेच्याचं फडकं सोडलं.

"सुमन, एक घास दे गं!"

"पाच हात लांब राहायचं आणि खायला घालायचं नाही," बायको गंभीरपणे म्हणाली. "तुम्हीच सांगितलंय ना?"

दत्तूनं मोबाईल रोखला. "फ्लॅश बंद हाय बरं का, दाजी!"

भाकऱ्या संपल्या. प्राची चिखलात पालथी पडून बघत होती. मग तिचे डोळे भरून आले. "निघालं बाबा... काळंभोर, नुसतं चकाकतंय... गेलं पाल्यात. उठा आता!"

उठतो कसला! दोघांनी काखेत हात घालून उभं केलं. मला काही ते दिसलं नाही.

फोटो काढायचं भान प्राचीला राहिलं नाही. त्यामुळं त्या दिवसाचा एकच फोटो आहे, दत्तूनं काढलेला. देवळालीत पाव्हणे विचारतात, "ह्यात देवगांडूळ कुठलं वो?"

दत्तू बोट ठेवतो. "दगडावर बसलंय ते. पावसाळ्यातच दिसतं!"