विजूच्या तक्त्यातली शेवटची ओळ

विजूच्या लेकीचा, ऋताचा फोन आला तेव्हा मी कुवेतला, हवल्लीतल्या घरी शुक्रवारच्या सुट्टीची आमटी फोडणीला टाकत होते. "नीलामावशी, आई गेली," एवढं ती मराठीत बोलली आणि पुढचं सगळं इंग्रजीत... झोपेतच, त्रास झाला नाही, बाबा धीराने आहेत. मी गॅस बंद केला आणि खरं सांगते, आधी रागच आला. ही बया मला न सांगता गेलीच कशी! आज सहा आठवडे झाले, तो राग अजून पुरता उतरलेला नाही.

विजू आणि मी कुवेतच्या एकाच इस्पितळात, ती वॉर्डात नर्स आणि मी लॅबमध्ये. ती संगमेश्वराकडची, मी साताऱ्याची. नव्वदच्या दशकात तिथल्याच फरवानिया भागात आमची दारं समोरासमोर होती. तिची एकुलती एक ऋता जन्मापासून पायांनी अधू, चाकाच्या खुर्चीत. डोक्याने मात्र तल्लख आणि तोंडाने आईसारखीच फटकळ. आपला इथला अकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नोकरीच्या जोरावर, नोकरी संपली की गाशा गुंडाळायचा. गावच्या घराला अकरा पायऱ्या. "मी आणि शरद गेल्यावर हिला कोण उचलणार गं?" हा एकच प्रश्न विजूच्या उरावर बसलेला. अमेरिकेला तेव्हा नर्सेस हव्या होत्या, आणि तिथे कायमचं राहता येणार होतं. विजू रात्रपाळ्या करत तिकडची परीक्षा पास झाली आणि दोन ठिकाणांहून बोलावणं आलं, एक टेक्सस, दुसरं मिनेसोटा.

तिच्या नवऱ्याला, शरदला, टेक्सस हवं होतं. शुवैख बंदरात गोदामाबाहेर उन्हातच त्याचा जन्म गेलेला, थंडी नुसती म्हटली तरी हा कानटोपी शोधणार. शिवाय धाकटा भाऊ टेक्ससात. पण विजू अशी ऐकते थोडीच! पेशंटच्या पायाशी चार्ट लावतात ना, तसा तिने एक मोठा तक्ता आखून फ्रिजच्या दारावर चिकटवला. वर दोन राज्यं, डावीकडे प्रश्न. शाळेच्या बसमध्ये खुर्ची चढवायची सोय आहे का, दुकानात एकटीला शिरता येईल का, दवाखाना किती लांब... आणि अगदी खाली, ऋता एकटी राहू शकेल का? प्रत्येक उत्तरापुढे सांगणाऱ्याची सही आणि "पाहिलेलं" की "ऐकलेलं" तेही. अमेरिकेहून येणारा कोणी मराठी माणूस शुक्रवारी कुणाकडे जेवायला आला की ही कागद घेऊन हजर! एक बडे डॉक्टर म्हणाले, "अहो, टेक्सस म्हणजे स्वर्ग आहे." ही लगेच, "स्वर्ग राहू द्या डॉक्टर, तुमच्या घरापुढे फुटपाथ होता का?" ते बिचारे आमटीत बघत बसले.

आता माझं पाप. माझी बहीण टेक्ससात आहे. विजू तिकडे गेली तर एक-दोन वर्षांनी मी बहिणीकडे गेले की दोघी एकदमच भेटतील, हा माझा स्वार्थ. मी ठोकून दिलं, "मी मिनेसोटात चार दिवस राहिलेय. बर्फात फुटपाथ दिसतसुद्धा नाही, खुर्ची कुठली चालायला!" खरं तर बहिणीकडे जाताना तिथे विमान बदललं तेवढंच, विमानतळाबाहेर मी पाऊल टाकलं नव्हतं. विजूने ते लिहून घेतलं, पुढे "पाहिलेलं" असंही लिहिलं. मग पेन तसंच धरून तिने विचारलं, "बर्फ कोण काढत होतं गं?"

"कोण म्हणजे... सरकार."

"रोज?"

मी टेबलावरचे कप उचलायला लागले.

"नीले, पाहिलंस की ऐकलंस?"

ती ओरडली असती तर परवडलं असतं. वॉर्डात चुकीची नोंद गिरगटायची नसते. तिच्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही. विजूने तांबडी रेघ मारली आणि पेन माझ्यापुढे धरलं. "कर सही." मी केली. लाजेने दोन दिवस समोरचं दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी ऋता खुर्चीची चाकं ढकलत आली, मांडीवर सोलकढीचा तांब्या. "मावशी, आई म्हणते नाटकं पुरे."

शेवटी खरं बोलला तो शरदचा भाऊच. फोनवर म्हणाला, "वहिनी, आमच्या इथे गाडीशिवाय पान हलत नाही. ऋताला कोणीतरी न्यावंच लागेल." मिनेसोटाहून वॉर्डातल्या एका फिलिपिनो नर्सच्या बहिणीचं पत्र आलं. तिचा मुलगाही खुर्चीतला. थंडी हाडं गोठवते, पण फुटपाथ साफ होतो, बस दाराशी येते, पोरगा एकटा लायब्ररीत जातो. शरदने हात जोडले, "अगं, मी गारठून मरेन तिथे!" विजू म्हणाली, "थंडीला स्वेटर आहे. फुटपाथ नसण्याला काय आहे?" झालं, विषय संपला.

त्यांचं मिनेसोटाला जायचं सामान बांधताना मी तक्ता उतरवला. शेवटची ओळ दोन्हीकडे कोरी होती. मी म्हटलं, "आता तरी होय लिही बाई."

"न पाहिलेलं कसं लिहू? मी आहे तोवर ती एकटी कुठे? ही ओळ माझ्याच्याने भरायची नाही गं..." आणि कागदाची घडी करून तिने पर्समध्ये ठेवली. तेव्हा मी तिला अभद्र बोलू नकोस म्हणून दटावलं होतं.

आता विजू वारल्यावर शरद मिनेसोटा सोडून भावाकडे टेक्ससात राहायला गेला. त्याने लेकीला किती विनवलं, रडलासुद्धा. ऋता हलली नाही. तिची नोकरी तिथे, बस तिथे. मीही फोनवर म्हटलं, "अगं, थोडे दिवस तरी जा बाबांबरोबर." ती म्हणाली, "मावशी, please, तू नको सुरू करू." आवाज थेट विजूचा. 

गेल्या आठवड्यात तिचं पाकीट आलं. आत तोच तक्ता, घड्यांवर विरलेला. आता तो माझ्या फ्रिजवर आहे. येणारा-जाणारा विचारतो, मी सांगते. तांबड्या रेघेखालचं माझं खोटं अजून स्वच्छ वाचता येतं, सहीसकट, आणि ते मी झाकत नाही. अगदी खाली, मिनेसोटाच्या रकान्यात, लहानपणी विजूने धपाटे घालून शिकवलेल्या वेड्यावाकड्या मराठी अक्षरात लिहिलंय, "होय. पाहिलेलं. ऋता."