बुटांचा पहिला मोसम

नातीने फुटबॉलचे नवे बूट खोक्यातून काढले आणि कोऱ्या चामड्याच्या वासाने मला थेट पिंपरीतल्या आमच्या पहिल्या खोलीत नेलं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. आमचे हे कारखान्याच्या संघातून पुण्याच्या लीगमध्ये खेळायचे, तेही अनवाणी. सामन्याच्या सकाळी जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडून मी त्यांचे घोटे बांधायची. लग्न नवं होतं. सासूबाईंच्या देखत नवऱ्याच्या पायांना इतका वेळ हात लावायला तेवढंच हक्काचं निमित्त होतं.

मोसमाच्या शेवटच्या सामन्याला बूट सक्तीचे झाले. जिंकले तर संघ वरच्या गटात जाणार होता. हे उसन्या बुटांत धडपडले, समोरचा गोल हुकला. घरी आले ते बूट गळ्यात अडकवूनच.

"जमीनच कळत न्हाई गं बुटातून," एवढंच म्हणाले. फोड आलेले ते पाय मी कोमट पाण्यात धरून बसले.

पुढच्या मोसमात त्यांना बुटांची सवय झाली. गोल झाले, संघ वर गेला, पेढे वाटले. सामन्याच्या सकाळी हे वाकून आपल्या नाड्या आपणच बांधायचे आणि मी रिकाम्या हातांनी दारात उभी असायची.